विकलेल्या कॉम्प्युटरचं दावं

रतिलाल नानांच्या जळगावच्या घरात देवघराच्या बाजूला एक लाकडी खुंटी आहे. तिच्यावर तीन दावी आणि एक माऊस लटकलेला असतो. माऊस कॉम्प्युटरचाच. शेपटीला खुंटीभोवती वेढे दिलेले आणि खाली तो काळा जीव उलटा टांगलेला. पंखा लावला की दावी ढिम्म हलत नाहीत, माऊस मात्र मजेत झोके घेतो. नवीन पाहुण्याची नजर आधी देवाकडे जाते, मग माऊसकडे, आणि नमस्कार नेमका कुणाला करायचा हे बिचाऱ्याला उमगत नाही.

दावी नानांच्या वडिलांची. ते पहूरचे शेतकरी, आणि त्यांच्या गोठ्याचा कायदा एकच होता : बैल विकावा, दावं विकू नये. बाजारात सौदा ठरला की गिऱ्हाइकाने आपलं दावं आणायचं, ते बैलाच्या गळ्यात पडलं की मालकाने जुनं सोडवून खांद्यावर टाकायचं आणि मागे न बघता घरी यायचं. दावं बैलाबरोबर गेलं तर घरची लक्ष्मीही त्याच्या मागोमाग चालू लागते, असं ते सांगत. पुढे नाना पाइपच्या कारखान्यात लागले, जळगावात कॉलनीत घर बांधलं. गोठा राहिला नाही, बैल राहिले नाहीत. खुंटी तेवढी आली, आणि कायदाही.

कारखान्यात नाना स्टोअर सांभाळायचे. कमरेला चाव्यांचा जुडगा. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायचे, घरी येऊन झोपेत तिसऱ्यांदा ओढायचे. त्यांच्या अमदानीत स्टोअरमधून पाइपाचा एक तुकडा इकडचा तिकडे झाला नाही. पण हाच माणूस घरच्या कॉम्प्युटरपुढे बसला की मेणासारखा मऊ व्हायचा. वीजबिल भरा, पेन्शन बघा, बँक उघडा, काहीही करा, कॉम्प्युटर अदबीने विचारायचा, ‘पासवर्ड जतन करायचा का?’ नाना म्हणायचे, “कर बाबा, कर. तू घरातलाच आहेस.” कुणी मदतीचा हात पुढे केला तर झिडकारू नये, ही खानदेशी रीत. त्या रीतीने नानांनी आपलं सगळं चंबूगबाळं त्या पेटीच्या पोटात नेऊन ठेवलं आणि स्वतः एकही अक्षर पाठ केलं नाही.

कॉम्प्युटर खरा त्यांच्या बायकोचा, दिपमालाबाईंचा. पन्नाशीत त्या तो शिकल्या आणि मग सुटल्याच. फोटोंचा भारी नाद. वांग्याचा फोटो, त्याच वांग्याचा कपाशीच्या काड्यांवर भाजतानाचा फोटो, भरीत झाल्यावर त्याला शेवटचा निरोप. गच्चीवरच्या कुरडया, लेकीचं, हेमांगीचं लग्न, शेजारच्या मांजरीचं बाळंतपण. मधूनच एखादा व्हिडिओ, त्यात काम करता करता त्यांचं स्वतःशीच गुणगुणणं. हे सगळं त्यांच्या खात्यात साठायचं. एकदा त्यांनी नानांचा मोबाईल घेतला, काहीतरी खटाटोप केला आणि म्हणाल्या, “माझ्या खात्यात जो फोटो पडेल तो आता तुम्हाला इथं दिसेल. मी पुण्याला हेमांगीकडे गेले की बघत बसा.”

“समोर बसलेल्या बाईचा फोटो कोण बघतं?” असं म्हणून नानांनी मोबाईल खिशात टाकला होता.

मार्गशीर्षात दिपमालाबाई गेल्या. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं, त्या परत आल्याच नाहीत. त्या धावपळीत त्यांचा मोबाईल रिक्षात राहिला तो राहिलाच. नंबर चालू ठेवायला नानांचा हात धजावला नाही, तोही बंद पडला. उरला तो कोपऱ्यातला कॉम्प्युटर, त्यांनीच शिवलेलं फुलाफुलांचं कापड पांघरून बसलेला. नाना त्या कोपऱ्याकडे पाठ करून जेवायचे. जेवण संपेपर्यंत पाठीला काहीतरी टोचत राहायचं. शेवटी चैत्रात त्यांनी तो विकायला काढला.

गिऱ्हाईक मिळालं झुलालभाऊ नावाचं. ठिबकच्या नळ्या घ्यायला जळगावला आलेला धुळ्याकडचा शेतकरी. सौदा ओट्यावर झाला, तोही बैलबाजारासारखा, उपरण्याखाली बोटं दाबून. चालू करायचा आकडा नानांनी झुलालच्या कानात सांगितला, गुरुमंत्र द्यावा तसा. मग पेटी, पडदा, कळफलक सगळं पोत्यात बांधलं आणि शेवटी नानांनी माऊस काढून घेतला.

“हे दावं,” नाना म्हणाले. “हे राहील.”

दुसरा कुणी असता तर त्याने वेड्यात काढलं असतं. झुलालने मान डोलावली. “बराबर शे, भाऊ. दावं कोनले देवानं नसतंच.”

माऊस खुंटीवर चढला. आपल्या घरचं काही बाहेर गेलं नाही, अशा समाधानात नाना त्या रात्री गाढ झोपले.

मग आखाजी आली.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात आणि सासुरवाशिणी माहेरी येऊन झोके घेतात. एकाच दिवशी गेलेले येतात आणि दिलेल्याही येतात, असा तो सण. दिपमालाबाईंच्या नावाची ही पहिली घागर. नानांनी ती भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास टाकला आणि रीतीप्रमाणे नाव घेऊन हाक मारली. सगळा संसार ‘अगं’ आणि ‘ऐकलं का’वर झालेला. ‘दिपमाला’ हा शब्द त्यांच्या तोंडून मोठ्याने बहुधा त्या दिवशी पहिल्यांदाच निघाला. तो त्यांना स्वतःलाच परक्यासारखा ऐकू आला. निखाऱ्यावरचा घास चर्र वाजला आणि धूर सरळ वर गेला.

जळगावची उन्हाळ्यातली भरदुपार म्हणजे दिवसाची अमावस्या. रस्त्यावर माणूस नाही, रिक्षा नाही. कुत्री गटारात, कावळे मुके. डांबर मऊ झालेलं आणि त्यावरून हवा पाण्यासारखी हलणारी. अशा वेळी नाना जेवून आडवे झाले आणि रोजच्यासारखा मोबाईलवर बायकोचा अल्बम उघडला. ती गेल्यापासून एवढा एकच नाद त्यांना लागला होता.

अल्बममध्ये सगळ्यात वर एक नवा फोटो होता.

निमाचं मोठं झाड. आडव्या फांदीला जाड दोरखंडाचा झोका. झोका रिकामा. खाली सावलीचा काळाभोर गोल. आणि खाली बारीक अक्षरांत, ‘दिपमाला यांनी जोडला’.

नानांच्या पाठीखालची फरशी गार झाली. बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन होतं.

दिपमालाबाईंचं माहेर तापीकाठी, शिंदखेड्याच्या बाजूचं. पण भाऊ सुरतेला गेले, घर विकलं गेलं, अंगणातला निम नव्या मालकाने तोडला. त्यानंतर त्यांनी आखाजीला माहेरचं नाव काढलं नाही. “जाऊ कुठं? झोका बांधायला झाड तरी पाहिजे,” एवढंच म्हणायच्या आणि पुरण वाटायला घ्यायच्या.

झाड सापडलं होतं म्हणायचं.

नानांनी कुणाला सांगितलं नाही. सांगून ऐकणारे दोन प्रकारचे निघाले असते, एक दवाखान्याचा पत्ता देणारे आणि दुसरे मांत्रिकाचा. दोन दिवसांनी पुन्हा दुपारी फोटो आला : पडवी, तिच्यात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, दोन्ही रिकाम्या. मग एक शेळी, थेट डोळ्यांत बघणारी. मग ताट. ताटात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी, ठेचा आणि कांदा.

“वर गेल्यावरही कळण्याचीच भाकरी?” नाना मोबाईलला म्हणाले. “निदान तिथं तरी दुसरं काही मिळायला हवं होतं.” पण त्यांना बरं वाटलं. ठेचा हिरवा होता, म्हणजे तिच्या मनासारखं चाललं होतं.

हळूहळू नाना सुधारले. दुपारी अल्बम उघडायच्या आधी तोंड धुऊ लागले, सदरा बदलू लागले. कॉलनीतले लोक म्हणाले, नाना सावरले. सावरतील नाही तर काय, बायकोची रोजची ख्यालीखुशाली कळत होती. दुसरी खुर्ची आपल्यासाठी असावी हेही त्यांनी ओळखलं होतं. त्या खुर्चीचा एक पाय जरा तुटका दिसत होता, आपण तिथं जाण्याआधी तेवढं तिला कळवावं असं त्यांच्या मनात आलं.

मग एक फोटो आला त्यात बाई होती. पाठमोरी, ओले केस पाठीवर सोडून उन्हात बसलेली. नानांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. मानेवरचा तीळ शोधता शोधता केसांचे चौकोन झाले, चौकोनांचे ठिपके झाले, आणि त्या ठिपक्यांतून काहीतरी वळून बघेल असं वाटून त्यांनी मोबाईल पालथा घातला.

त्याच आठवड्यात जुने फोटो जाऊ लागले.

आधी कुरडयांचा गेला. नानांना वाटलं, आपणच चुकतोय. मग भाजलेल्या वांग्याचा गेला, मांजरीचा गेला. एके दुपारी हेमांगीच्या लग्नातले ओळीने नाहीसे झाले. लेकीची पाठवणी होती तिथं आता शेळी उभी होती. परक्या अंगणाचा एक फोटो आत यायचा आणि दिपमालाबाईंचे दोन बाहेर जायचे. घर बदलताना बाई जसं सामान हलवते, थोडं थोडं, रोज थोडं, तसं चाललं होतं. शेवटी गुणगुणण्याचा व्हिडिओ गेला. आवाज तेवढ्या एकाच व्हिडिओत स्वच्छ होता.

त्या दुपारी नाना खरे घाबरले. ती येतेय, या आनंदात ती जातेय हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. असंच चाललं तर आखाजीची घागर भरायला नाव उरलं असतं, चेहरा उरला नसता. त्यांनी पुण्याला फोन लावला आणि लेकीला सगळं सांगून टाकलं.

हेमांगीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “नाना, आईच्या खात्यात कुणीतरी शिरलंय.”

“शिरायला कशाला हवं? तिचंच खातं आहे.”

“नाना!”

“बरं, बोल.”

“तुम्ही कॉम्प्युटर विकला. त्यातलं आपलं सगळं काढून घेतलं होतं ना?”

“म्हणजे काय! दावं काढून घेतलं. माऊस खुंटीवर आहे.”

पलीकडे हेमांगीने कपाळाला हात लावल्याचा आवाज जळगावपर्यंत आला. “अहो नाना, माऊसला कोण विचारतं? दावं आत असतं. आईचं खातं त्या कॉम्प्युटरमध्ये उघडंच आहे. तिचा पासवर्ड त्यात जतन केलेला आहे. घेणाऱ्याने मोबाईल जोडला की त्याचे फोटो आपोआप आईच्या खात्यात चढतात. जागा भरली की तो जुने काढतो. आणि तुमचे पासवर्ड? बँकेचा?”

“तोही ठेवलाय,” नाना खालच्या आवाजात म्हणाले. “विचारत होता ना तो. अदबीने.”

“उद्याच्या उद्या बँकेचा बदला. आता आईचा.”

पण आईचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. हेमांगीने तिकडून ‘पासवर्ड विसरलात?’ दाबून पाहिलं. उत्तर आलं की खुणेचा आकडा दिपमाला यांच्या मोबाईलवर पाठवला आहे. नानांनी वेड्या आशेने तो नंबर लावला. एक बाई शांत आवाजात म्हणाली, हा क्रमांक अस्तित्वात नाही. मग तेच हिंदीत म्हणाली, मग इंग्रजीत. एकदा सांगून समजलं असतं. नसणं तीन-तीन भाषांत कशाला समजावून सांगायचं?

“आता तो पासवर्ड जगात एकाच ठिकाणी आहे, नाना. विकलेल्या कॉम्प्युटरच्या पोटात.”

“मग झुलालला फोन करतो, तो वाचून दाखवेल.”

“अजिबात नाही. दुसऱ्याच्या तोंडून गेलेला पासवर्ड आपला राहत नाही. आणि फोनवर गडबडीत त्याने भलतंच दाबलं तर? काढलेले फोटो थोडे दिवस कचरापेटीत पडून असतात, नंतर कायमचे जातात. मी रविवारी येते, मग आपण—”

रविवारपर्यंत किती चेहरे गेले असते कुणास ठाऊक. नानांनी झुलालला फोन करून फक्त एवढंच विचारलं, “भाऊ, गाव कोणतं तुमचं?”

“शिंदखेडाना बाजूले, भाऊ. तापीना काठे.”

दिपमालाबाईंच्या माहेरचाच तो मुलूख. धुळ्याकडचा म्हणजे एवढा तिकडचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

सकाळच्या पॅसेंजरने नाना निघाले. पिशवीत पाण्याची बाटली, कळण्याची भाकरी आणि खुंटीवरून काढलेला माऊस. अमळनेर गेलं, नरडाणा गेलं, आणि शिंदखेड्याच्या फलाटावर उतरले तेव्हा आठवलं की याच फलाटावर ते मुंडावळ्या बांधून उतरले होते. तेव्हा बँड होता. आता हातपंपाचा दांडा तेवढा वाऱ्याशिवाय किरकिरत होता.

रिक्षाने गावात सोडलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गल्लीत चिटपाखरू नाही. झुलालचं घर कुठलं हे विचारायला माणूस नव्हता आणि विचारायची गरजही पडली नाही. वळण घेतलं आणि समोर निमाचं झाड उभं होतं. जाड दोरखंड, रिकामा झोका, खाली काळाभोर गोल. नाना त्या गोलाला वळसा घालून गेले, पाय पडू दिला नाही. पडवीत दोन खुर्च्या. नाना न विचारता उजवीकडच्या खुर्चीत बसले, डावी तिची समजून. खुर्चीचा पाय तुटका होताच. कोपऱ्यातली शेळी थेट डोळ्यांत बघत होती. या अंगणात ते कधी आले नव्हते आणि इथलं त्यांना सगळं पाठ होतं.

“भाऊ! ऊन काय म्हनस!” झुलाल तांब्या घेऊन बाहेर आला. त्याची नजर पिशवीतून लोंबणाऱ्या माऊसच्या शेपटीवर पडली. “दावं परत लई उनात का काय?”

“दावं आतच राहिलंय, झुलालभाऊ. तेच न्यायला आलोय.”

झुलालला काही कळलं नाही, पण आतून सून बाहेर आली, रूपा, डोक्यावर पदर घेतलेली. पाठीवर ओले केस. नानांनी पटकन नजर खाली घातली. ती नानांकडे बघत राहिली, मग भिंतीला टेकून हळू आवाजात म्हणाली, “आबा, ती बाई तुमनी का?”

“कोण बाई?”

“रोज दुपारले येस ती.”

शेळीनेही रवंथ थांबवला.

रूपाचा नवरा सुरतेला कामाला. त्याला पाठवायला ती अंगणाचे, ताटाचे, स्वतःचे फोटो काढायची आणि दुपारच्या निवांतात मोबाईल कॉम्प्युटरला जोडायची. चालू केला की तो म्हणायचा, ‘नमस्कार, दिपमाला’. आणि एक अनोळखी बाई समोर यायची, कधी कुरडयांत, कधी लग्नात, नेहमी हसरी. सासूने बघितलं, हात जोडले आणि पडद्याच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट लावलं. नानांनी आत जाऊन पाहिलं, बोट अजून होतं.

“आम्हीन समजनूत, तुमना घरनी लक्ष्मी संगे उनी,” रूपा म्हणाली.

“मग फोटो काढून का टाकलेस, पोरी?”

“जागा सरनी, जुना फोटो काढा, आसं मशीन सांगे. पन मी तिले इचारी इचारी काढू, आबा. ‘माय, हाऊ काढू का?’ ती हासे. मंग काढू.” ती थांबली. “एक फोटोमा ती हासत नही. तो मी काढा नही.”

“आणि गाण्याचा?”

रूपाने पदर तोंडाला लावला. “तो काढा ना, तवयपासून झोकावर बसनू का तेच गानं तोंडमा येस. माले ते येतच नव्हतं.”

झुलाल देवाचं नाव घेऊन घटाघट पाणी प्यायला. ते नानांसाठी आणलेलं होतं.

फोनवर हेमांगी आली. तिचा आवाज मोठा करून नाना कॉम्प्युटरपुढे बसले. शहरातल्या पोरीचा खडखडीत आवाज घरात शिरल्यावर सगळ्यांनाच धीर आला. ‘सेटिंग उघडा. जतन केलेले पासवर्ड. आईचं नाव शोधा.’ नाव सापडलं. नावापुढे काळ्या ठिपक्यांची ओळ होती, तोंडावर पदर ओढून बसलेल्या बायांसारखी.

“आता डोळ्याचं चिन्ह दाबा. ते कॉम्प्युटरचा आकडा मागेल, तो टाका. आणि नाना, आजूबाजूला कुणी बघत नाही ना?”

नाना ओशाळून म्हणाले, “सगळ्यांनी जरा तोंड फिरवा.”

झुलाल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, अंतरपाटाआडच्या नवरदेवासारखा. रूपाने पदर डोळ्यांवर ओढला. शेळी दारात येऊन बघत होती, तिला कुणी बोललं नाही. नानांनी आकडा टाकला, झुलालच्या कानात सांगितलेला तोच, आणि डोळा दाबला.

ठिपके गेले, अक्षरं आली. इंग्रजी अक्षरं, पण भाषा घरची, तापीकाठची. नानांनी ओठ हलवत, एकेक अक्षर जोडत वाचलं : निमवरनाझोका.

दारातून बाहेर झाड दिसत होतं.

“नाना? दिसला का? नाना?”

“दिसला,” नाना म्हणाले. हा शब्द बायकोने कधीतरी टाइप केला असणार, त्यांच्याच शेजारी बसून, आणि ते वीजबिलाकडे बघत बसले होते.

मग कचरापेटी उघडली. हेमांगीचं लग्न परत आलं, पाठवणी परत आली, मांजर पिल्लांसकट परत आली. गाण्याचा व्हिडिओ परत आला तेव्हा नानांनी तो लावला नाही, फक्त आहे एवढं बघितलं. आधी गेलेल्या कुरडया आणि वांगी मात्र मुदतीबाहेर गेली होती. ती गेलीच.

“आता पासवर्ड बदला,” हेमांगी म्हणाली. “जुना कुणी कुणी बघितला असेल सांगता येत नाही. नवा लांब हवा, दुसरीकडे कुठं वापरलेला नको. आणि मला फोनवर सांगू नका, मी आले की कानात सांगा.”

“तिच्या घराची कडी बदलू?” नानांनी विचारलं.

“तिचं घर वाचवायचंय, म्हणून.”

नानांनी नवा शब्द टाकला. काय टाकला ते त्यांनाच ठाऊक. लगेच कॉम्प्युटर अदबीने पुढे आला : ‘पासवर्ड जतन करायचा का?’

नाना त्या प्रश्नाकडे बघत राहिले. आयुष्यात त्यांनी याला कधी नाही म्हटलं नव्हतं. आज झुलालच्या नव्या माऊसवरचं बोट जड झालं, पण ते म्हणाले, “नको बाबा. तू आता दुसऱ्या घरचा.” मग स्वतःचे जतन केलेलेही त्यांनी एकेक करून काढले, बँक, पेन्शन, वीज, गॅस, गळ्यातल्या गाठी सोडवाव्यात तसे. सगळ्यात शेवटी दिपमालाबाईंचं खातं बंद केलं. ‘नमस्कार, दिपमाला’ गेलं. पडदा निळा, कोरा झाला. कोपऱ्यात कुंकवाचं बोट तेवढं राहिलं.

खोलीत एकदम माणूस उठून गेल्यासारखं झालं. चौघांनाही जाणवलं, शेळी धरून.

“आते दुपारले कोन यी?” रूपा म्हणाली.

नानांनी मोबाईल काढला. जो फोटो रूपाने काढून टाकला नव्हता, न हसणारा, तो तिच्या मोबाईलवर पाठवला. मग हेमांगीने तिला फोनवरूनच स्वतःचं खातं उघडून दिलं, रूपाच्या नावाचं. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा नाना आपणहून उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

निघताना त्यांनी पिशवीतून माऊस काढून झुलालपुढे धरला. “हे घ्या. हे दावं नव्हतंच.”

झुलाल दोन पावलं मागे सरला. “दावं कोनी परत देस का, भाऊ? ली जा. खुंटीवर ठेवा.”

अंगणातून जाताना नाना निमाखाली थांबले. झोक्याच्या दोराला हात लावावा असं वाटलं. पण पान हलत नव्हतं आणि दोर हलत होता, अगदी थोडा, कुणीतरी नुकतंच उतरून गेल्यासारखा. शेळी मघाशी तिथूनच गेली होती. शेळीच असणार. नानांनी हात खिशात घातला आणि रिक्षा गाठली.

आता अल्बम शाबूत आहे. पावसाळ्यात हेमांगी आली तेव्हा नानांनी नवा पासवर्ड तिच्या कानात सांगितला. ऐकून ती नुसती बापाजवळ बसून राहिली. एकही फोटो आता जात नाही. आणि एकही येत नाही. झोका, खुर्च्या, शेळी, ताट, तेवढे मुक्काम करून आहेत, नानांनी काढून टाकू दिले नाहीत. पण ठेचा यंदा कसा झाला, खुर्चीचा पाय सांधला की नाही, काही कळत नाही. कुलूप दोनदा ओढून बघणाऱ्या माणसाचं घर आता पक्कं बंद आहे.

परवा जळगावात दुपारी वीज गेली. नाना जेवत होते, कोपऱ्याकडे तोंड करून. पंखा हळू झाला, थांबला. बाहेर ना वारा, ना कावळा. घास तोंडाशी नेता नेता त्यांची नजर खुंटीकडे गेली. तिन्ही दावी ढिम्म होती. माऊस झोके घेत होता, सावकाश, लांब, आखाजीच्या दुपारी घेतात तसे.

नानांनी घास ताटात ठेवला. मग शेजारचा पाट पुढे सरकवला.

“बस,” ते म्हणाले. “कळण्याचीच आहे.”